दुबईला निघण्याआधी पिशवी उघडून पाहा

दुबईच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकले की आपल्या माणसाला परदेशात आल्यासारखे वाटतच नाही. टॅक्सीवाला पेशावरचा असतो आणि आपल्याशी उर्दूत बोलतो. चहाचे दुकान मलबारी भाईचे असते. बर दुबईच्या कापड बाजारात दोन दुकाने ओलांडली की कुणीतरी सुरतेचे भाव विचारतो, आणि वेळ झाली की चारी बाजूंनी अजान ऐकू येते. लंडनला किंवा चीनला जाणारा व्यापारी दहा जणांना विचारून, कागद तपासून निघतो. दुबईला जाणारा मात्र नाशिकला उधारी वसूल करायला चालल्यासारखा निघतो. आमच्या ओळखीतले जे जे लोक तिथे अडचणीत आले त्यांत लबाड माणूस एकही नव्हता. सगळे या घरच्यासारख्या वाटण्याने अडकले. दुबई, शारजा, अबुधाबी ही संयुक्त अरब अमिरातीची शहरे आहेत, तिथला कायदा वेगळा आहे आणि तो कडक आहे. व्यापारी बंधूंनी आणि कारागीर भाईंनी निघण्यापूर्वी काय पाहावे ते आम्ही येथे लिहीत आहोत.

सुरुवात पासपोर्टपासून करू. त्याची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, हे बहुतेकांना ठाऊक असते. नावाची गोष्ट मात्र ठाऊक नसते. आपल्या समाजात, विशेषतः जुन्या पिढीतल्या बायकांच्या पासपोर्टवर, एकच नाव असते. नुसते ‘खैरुन्निसा’, आडनावाची जागा कोरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने नियम केला की असे एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन किंवा विझिट व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. पुढे थोडी सवलत दिली गेली. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर ते चालते. परंतु विमान कंपनीच्या खिडकीवर पहाटे तीन वाजता हा वाद घालण्यात काय हशील? आमच्या एका नातलगाने अम्मीला मुलाकडे नेण्यासाठी तिकिटे काढली, आणि मुंबईच्या विमानतळावरून अम्मी परत आली. तिकिटाचे पैसे बुडाले ते वेगळेच. ज्यांच्या घरी असा पासपोर्ट असेल त्यांनी आडनाव घालून तो नव्याने काढून घ्यावा. रहिवासी व्हिसावर असणाऱ्यांना हा नियम लागू नाही.

दुसरी अडचण स्पेलिंगची. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. शाळेच्या दाखल्यावर शीन, ये, खे असे लिहिले की शेख झाला. त्याचे इंग्रजी करताना एका बाबूने एक स्पेलिंग लिहिले, रेशनकार्डवाल्याने दुसरे, एजंटने तिसरे. मोहम्मदचे तर विचारूच नका. व्हिसा आणि तिकीट या दोन्हींवर नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षराला अक्षर, यायला हवे. एजंटने कागद हातात दिला की तो घडी करून खिशात घालू नये. तिथेच, त्याच्यासमोर, पासपोर्ट उघडून एकेक अक्षर जुळवून पाहावे.

आता व्हिसा. साध्या भारतीय पासपोर्टवर तिथे उतरून व्हिसा मिळत नाही. ज्यांच्याकडे अमेरिका, इंग्लंड, युरोप वगैरे देशांचा चालू व्हिसा किंवा रहिवासी कार्ड आहे त्यांनाच ती सवलत आहे. बाकी सर्वांनी तो येथूनच काढून न्यायचा. तो विमान कंपनी, हॉटेल किंवा ट्रॅव्हल एजंटमार्फत मिळतो, साधारणपणे तीस किंवा साठ दिवसांचा. व्हिसा खरा आहे की संगणकावर बनवलेला, हे सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून पाहता येते. दुबईने दिलेला असेल तर दुबईच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर, इतर अमिरातींचा असेल तर केंद्रीय खात्याच्या. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा पाच मिनिटांत हे काम करतो. सोबत परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग किंवा ज्याच्याकडे उतरणार त्याचा पत्ता आणि कागद, आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. मे २०२४ मध्ये बऱ्याच भारतीय प्रवाशांना याच कारणावरून अडवले गेले, आणि तेव्हापासून विमान कंपन्या निदान ३,००० दिरहम रोख किंवा कार्डावर असावेत असे सांगू लागल्या.

मुदत संपल्यावर राहिलात तर दर दिवसाला ५० दिरहम दंड. पूर्वी मुदतीनंतर दहा दिवसांची सूट मिळत असे. जुने लोक अजून तिच्या भरवशावर असतात, पण ती २०२३ मध्ये बंद झाली. हिशेब करून पाहा. कुणी नव्वद दिवस जास्त राहिला तर ४,५०० दिरहम. दिरहम चोवीस रुपयांना धरला तरी एक लाखावर रक्कम गेली.

नव्वद दिवस जास्त कोण राहतो? व्यापारी राहत नाही, कारागीर राहतो. याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे.

जरीकाम, आरीकाम करणारे, शिलाईचे मास्टर, इस्त्रीवाले अशा हातात हुनर असलेल्या मुलांना एजंट सांगतो, ‘आत्ता विझिटवर चल, तिथे पोहोचल्यावर शेठ व्हिसा बदलून देईल.’ किंवा म्हणतो, ‘आझाद व्हिसा देतो, कुठेही काम कर.’ हा आझाद व्हिसा नावाचा प्रकार तिथल्या कायद्यात नाहीच. ज्याच्या नावावर कामाचा परवाना आहे त्याच्याकडेच काम करता येते. विझिट व्हिसावर एक दिवसही सुई हातात धरणे बेकायदा आहे. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने कायदा आणखी कडक केला. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो. याचा परिणाम काय होतो तो पाहा. तपासणीची कुणकुण लागली की मालक पहिल्यांदा कारागिराला मागच्या दाराने बाहेर काढतो आणि ‘मी याला ओळखत नाही’ म्हणतो. मग पगार कुणाकडे मागायचा?

आमच्याकडे डिझाइनचे काम करणारा एक मुलगा असाच गेला होता. दोन महिने काम केले, एका महिन्याचा पगार मिळाला. व्हिसा संपला, बदलून काही मिळाला नाही. लाज वाटते म्हणून घरी सांगितले नाही. एका खोलीत अकरा जण, तिथे तो सात महिने राहिला. दंड वाढतच गेला. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात तिथल्या सरकारने अशा लोकांना दंडमाफी दिली तेव्हा तो परत आला. ती माफी आली नसती तर त्याचे काय झाले असते, अल्लाह जाणे. अशी माफी दरवर्षी येत नाही. त्याच्या आधीची मोठी माफी २०१८ मधली.

ज्यांना कामासाठीच जायचे आहे त्यांनी सरळ रस्त्याने जावे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः ईसीआर लागते, म्हणजे अमिरातीसह अठरा देशांत नोकरीला जाण्यापूर्वी आपल्या सरकारची परवानगी घ्यावी लागते. बरेच जण याला कटकट समजतात आणि विझिट व्हिसाने ती चुकवतात. खरे तर हा कागद कारागिराच्या फायद्याचा आहे. त्यासाठी मालकाचा करार नोंदवावा लागतो, त्यात पगार लिहिलेला असतो, आणि विमाही काढावा लागतो. त्याचे नाव प्रवासी भारतीय विमा योजना. दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये. एजंटकडे सरकारी नोंदणी आहे का, हे परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. नोंदणीकृत एजंटला कारागिराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर इतकेच घेता येतात. त्याहून जास्त मागणारा कायदा मोडतो. तिथल्या कायद्याने भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो आणि कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे गुन्हा आहे. पोहोचल्यावर रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे होतो, त्यात एचआयव्ही किंवा चालू क्षय निघाला तर रहिवासी व्हिसा मिळत नाही. मागावर आणि लूमवर आयुष्य गेलेल्यांनी कर्ज काढण्याआधी इथेच छाती तपासून घ्यावी.

आता पिशवी. आमच्या मते सर्वांत मोठा धोका इथे आहे.

खसखस आपल्या स्वयंपाकघरात बारा महिने असते. सालनात, कोफ्त्यात, घरी कुटलेल्या मसाल्यात. पण खसखस पोस्ताच्या बोंडातून येते आणि अफूही त्याच बोंडातून. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते, अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. पाव किलो असो की चिमूटभर, अधिकाऱ्यासमोर ‘ही तर मसाल्याची चीज आहे’ हे सांगून भागत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या चाचांनी मुलासाठी मसाल्याची थैली दिली. आम्ही विचारले, ‘चाचा, यात काय काय आहे?’ ते म्हणाले, ‘अरे, घरचाच मसाला आहे, तुझ्या चाचीने कुटला.’ आमच्या घरच्यांनी चाचीला फोन लावला, तेव्हा कळले की त्यात खसखस भाजून घातली आहे. थैली परत केली. चाचा महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. असो. महिनाभर अबोला परवडला.

दुसऱ्याने दिलेले पार्सल उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. शेजारच्या कतारमधली गोष्ट वृत्तपत्रांत सर्वांनी वाचली असेल. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक मुस्लिम जोडपे फिरायला दोह्याला गेले. सहल नात्यातल्याच बाईने भेट दिली होती, आणि सोबत एक पाकीट दिले, जर्दा आहे म्हणून. त्यात चार किलोहून अधिक चरस निघाली. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, मुलगी तुरुंगात जन्मली. भारतात तपास झाला, खरे काय ते बाहेर आले आणि २०२१ मध्ये ती दोघे सुटून घरी आली. त्यांना निदान तपास करणारे मिळाले. पार्सल नाकारताना संकोच वाटला तर ही गोष्ट सांगावी, समोरचा समजून घेईल.

औषधांचेही तसेच आहे. आपल्याकडे साखर जुनी झाली, पायांत मुंग्या येऊ लागल्या की डॉक्टर प्रीगाबालिन लिहून देतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. झोपेसाठी अल्प्राझोलाम, दुखण्यासाठी ट्रामाडोल. ही सगळी औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत. ती सोबत न्यायची असतील तर निघण्यापूर्वी तिथल्या सरकारकडे ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. इतर औषधे, म्हणजे रक्तदाबाची, साखरेची, इन्सुलिन, नेता येतात. पण गोळ्या सुट्या करून डबीत भरू नयेत. मूळ पाकिटात ठेवाव्यात आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह, सहीशिक्क्याची चिठ्ठी घ्यावी. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांचे अक्षर दुबईचा कस्टमवाला वाचू शकणार नाही, तेव्हा टाइप करून घ्यावी. हकिमाच्या पुड्या घरीच ठेवाव्यात.

विड्याची पाने आणि पानाचे सामान नेण्यास बंदी आहे. आणि एक गोष्ट, जी लिहिताना आम्हाला जरा अवघड वाटते. जादूटोण्याचे साहित्य म्हणून जे जे समजले जाईल त्यालाही बंदी आहे. लोक दुसऱ्यांसाठी तावीज, भारलेले धागे, लिहिलेल्या चिठ्ठ्यांची पुडकी नेतात. आपण त्याला काहीही म्हणू, तिथला अधिकारी त्याला दुसरेच नाव देऊ शकतो. अशा चिजा नेऊ नयेत.

याच ओघात चंद्याविषयी. आपल्याकडून रमजानमध्ये मदरशांचे सफीर पावतीपुस्तके घेऊन निघतात. काही वेळा व्यापारी माणूसच म्हणतो की चाललोच आहे तर मशिदीच्या कामासाठी चार पैसे गोळा करून आणतो. नियत नेक आहे, यात शंका नाही. परंतु अमिरातीत परवाना असलेल्या संस्थेशिवाय कुणालाही देणगी गोळा करता येत नाही, २०२१ च्या कायद्याने त्याला कैद आणि भारी दंड आहे. मशिदीत परवानगीशिवाय बयान करणे, पुस्तके-पत्रके वाटणे हेही मना आहे. कुणाच्या दुकानात चहा पीत फिरकेबाजीचा वाद काढू नये. दुसऱ्याला काफिर म्हणणे तिथे गुन्हा आहे. येथे आपण चौकात बसून जे बोलतो त्यातले पुष्कळसे तिथे बोलता येत नाही. व्हॉट्सअॅपवर कुणाला शिवी देणे, परक्या माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो काढणे यांवरही खटले होतात.

प्रकृतीचे दोन शब्द. येथून जाताना कोणतीही लस सक्तीची नाही. त्रास उन्हाचा. जून ते सप्टेंबर पारा ४५ च्या आसपास जातो आणि समुद्राच्या दमटपणामुळे अंगाचा घाम सुकत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडूनही काम करून घेण्यास सरकारची मनाई असते. मजुरांना जे सोसवत नाही ते पन्नाशीतल्या व्यापाऱ्याला कसे सोसवेल? शक्य असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये जावे. प्रवासाचा विमा घ्यावा, तो हजार-दोन हजारांचा खर्च वाचवू नये. परदेशी पाहुण्याला तिथे इलाज फुकट नाही, आणि छातीत दुखून दोन रात्री इस्पितळात राहावे लागले तर गाठ्यांचा नफा बिलात जातो. रस्ता खुणेच्या जागीच ओलांडावा, नाहीतर ४०० दिरहम दंड. मेट्रोत चॉकलेटही खाऊ नये.

बाजाराच्या वेळा बदलल्या आहेत, हे जुन्या व्यापाऱ्यांना सांगायला हवे. २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात शुक्रवारसुद्धा पूर्ण सुट्टी. बँकेचे किंवा कस्टमचे काम असेल तर सोमवार ते गुरुवार धरून चालावे.

मालाचे नमुने नेताना तुकड्यांचे पुस्तक न्यावे, अख्खे तागे किंवा डझनभर तयार पोशाख नेऊ नयेत. प्रवाशाला ३,००० दिरहमपर्यंतच्या भेटवस्तूंवर कर माफ आहे, पण एकाच जातीचे वीस दुपट्टे भेटवस्तू होत नाहीत. माल पाठवायचाच असेल तर रीतसर पाठवण्यात आता फायदा आहे. १ मे २०२२ पासून भारत आणि अमिरातीचा व्यापार करार लागू आहे. मूळ देशाचा दाखला सोबत असेल तर आपल्या कापडावरची पाच टक्के जकात वाचते. साठ हजार दिरहमहून अधिक रोकड जवळ असेल तर ती तिथे जाहीर करावी लागते. आणि परत येताना सोने. पुरुषाला २० ग्रॅम, बाईला ४० ग्रॅम दागिने माफ, हे सर्वांना पाठ असते. पण ही सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून येणाऱ्याला आहे, आठ दिवसांत परत येणाऱ्या व्यापाऱ्याला नाही, हे पाठ नसते. दोन बांगड्यांसाठी मुंबईच्या कस्टममध्ये चार तास बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

शेवटी सही. तिथला ओळखीचा माणूस म्हणतो, ‘भाईजान, लायसन्समध्ये तुमचे नाव घालू, नफ्यात हिस्सा.’ किंवा दुकानाच्या भाड्यासाठी जामीन राहायला सांगतो, तारीख न घातलेला चेक मागतो. जानेवारी २०२२ पासून पैसे नाहीत म्हणून परत गेलेला चेक तिथे सहसा फौजदारी गुन्हा धरला जात नाही. हे ऐकून लोक बेफिकीर झाले. पण त्याच बदलाने चेक हाच थेट वसुलीचा कागद झाला, आणि देणे बाकी असेल तर न्यायालय देश सोडण्यास मनाई करू शकते. ज्याच्यावर मनाई आहे त्याला अनेकदा ती विमानतळावरच कळते. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याचे असे झाले. देणे त्याचे नव्हते, भागीदाराचे होते, सही मात्र त्याची होती. मुलीच्या निकाहाला तो पोहोचला नाही. अरबीत लिहिलेल्या कागदावर वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. तर्जुमा करून देणारे परवानाधारक लोक तिथे गल्लोगल्ली आहेत.

निघताना एका कागदावर हे लिहून खिशात ठेवावे, मोबाइलची बॅटरी संपू शकते. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, आणि भारतीयांसाठी दूतावासाने चालवलेल्या मदत केंद्राचा फुकट नंबर ८०० ४६३४२. तो चोवीस तास चालतो. त्याच कागदावर पासपोर्टचा नंबर आणि व्हिसा संपण्याची तारीख. पासपोर्ट आणि व्हिसाची एक झेरॉक्स घरी बायकोकडे द्यावी आणि ती कपाटात कुठे ठेवली ते मोठ्या मुलालाही सांगून ठेवावे.